सेवेचं ठिकाण: शाळा

मी फॉर्म नीट भरला होता. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं सगळं त्या नीटपणातून झालं.

दुबईत अल कुसैसमधल्या एका भारतीय शाळेच्या ऑफिसात मी कामाला होते. जादा मदत लागणाऱ्या मुलांचे कागद माझ्याकडे असत. त्यात पहिलीतली एक मुलगी होती. तिला ऐकू यायचं, सगळं कळायचं, पण बोलणं म्हणजे फक्त बोट दाखवणं. आई हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खात्यात, वडील डिलिव्हरी व्हॅनवर. आठवड्यातून दोनदा वसईच्या एक स्पीच थेरपिस्ट बाई तिच्यासाठी शाळेत येत. बाई नोकरीला एका क्लिनिकात होत्या, आणि क्लिनिक त्यांच्या तासांचे पैसे वडिलांच्या विम्यातून घ्यायचं.

बाई कागदाची बारीक पट्टी फाडून मुलीच्या ओठांपुढे धरायच्या. 'प' म्हटलं की पट्टी हलते. तीन महिने ती हललीच नाही. मग एका मंगळवारी हलली. "पा," मुलगी म्हणाली, आणि बाईंनी तिची पाण्याची बाटली काठोकाठ भरून दिली.

"आधी आवाज, मग पाणी," त्यांनी मला बजावलं. "तुला लगेच पाझर फुटतो. फुटू देऊ नकोस."

विम्याच्या फॉर्मवर बाई आधीच सह्या करून ठेवत, बाकीचं मी भरायचे. 'सेवेचं ठिकाण' या ओळीत दोन चौकटी होत्या, क्लिनिक आणि शाळा. बाई दर महिन्याला क्लिनिकवर खूण करायला सांगत.

"पण तास इथे होतो, मॅडम."

"हबीबी, चौकटीला काय कळतंय मुलगी कुठल्या खुर्चीवर बसलीय? क्रांती करायची तर शुक्रवारी दुपारनंतर कर, सुट्टी लागल्यावर."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. माझे बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती वाचली. घडलं तेच छापायचं, ही आमच्या घरची शिस्त. पुढच्या महिन्यात बाईंना न विचारता मी शाळेवर खूण केली. मला वाटलं, सगळ्यांनी खरं लिहिलं तर विमा कंपनीला शाळेतल्या तासांचा नियम बदलावाच लागेल.

दोन आठवड्यांनी विमा कंपनीचा नकार आला. मी त्यांना फोन लावला.

"मॅडम, स्कूल लिखा है ना? तो एजुकेशन हुआ, मेडिकल नहीं," पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला.

"बच्ची तो वही है!"

"इन्शाल्ला, कुछ होगा," म्हणून त्याने फोन ठेवला.

मुलीचं तोंड एकच. ते शाळेत उघडलं तर शिक्षण आणि क्लिनिकात उघडलं तर उपचार, अशी त्याची वाटणी ज्याने केली, त्याने सहा वर्षांचं मुकं पोर कधी समोर बसवलं होतं का? पण हा सवाल कुणाच्या टेबलावर आपटायचा, तेच मला कळेना. पत्रकात निदान मालकाचं नाव असायचं.

विम्याने जुने फॉर्मही तपासायला मागितले. क्लिनिक घाबरलं आणि बाईंचं शाळेत येणं बंद झालं. जाताना बाई रागावल्यासुद्धा नाहीत. "खलास गं," एवढंच म्हणाल्या. क्लिनिक लांब, इंटरनॅशनल सिटीत. आईला सुट्टी रविवारी, आणि रविवारी ते बंद. खाजगीत तासाचे अडीचशे दिरहम, म्हणजे सहा हजार रुपये; आईने हा हिशोब माझ्यासमोर मोठ्याने केला.

मग म्हणाली, "ताई, फॉर्म तुमच्याच हातचा होता ना? कुठे चुकलं असेल तर परत एकदा भरा ना. नीट."

तेव्हा तिला खरं सांगायला हवं होतं. कागदावर खरं लिहिणारी मी तिच्या तोंडावर म्हणाले, "बघते."

परत भरलाही. या वेळी क्लिनिकवर खूण केली, स्वतःच्या हाताने. तोही परत आला: आधीच्या माहितीशी जुळत नाही.

महिन्याभराने मधल्या सुट्टीत मुलगी पाण्याच्या कूलरपाशी उभी दिसली. मला पाहून तिने बाटली पुढे केली. मी रद्द फॉर्मची कड फाडली आणि पट्टी तिच्या ओठांपुढे धरली. ती पट्टीकडे बघत राहिली. ओठ मिटले, उघडले. पट्टी हलली नाही. तिच्यामागे रांगेत उभी असलेली पोरं ओरडली, "मिस, शी कान्ट टॉक! यल्ला, हरी अप!"

तिने बोट दाखवलं.

मी बाटली भरून दिली.