वॉरंटी म्हणजे मीच

कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावर, झेरॉक्सवाला आणि पोळीभाजी केंद्र यांच्या मधोमध प्रज्ञेश ओव्हाळचं दुकान होतं. पाटीवर ‘नूतनीकृत नेटवर्किंग साहित्य’ असं भारदस्त लिहिलेलं. सोसायटीतली मंडळी त्याला ‘जुन्या डब्यांचं दुकान’ म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं चुकीचं काही नव्हतं. मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी आपली सगळी यंत्रं बदलतात. चालू असलेली, ठणठणीत यंत्रं, केवळ वय झालं म्हणून काढून टाकतात. ती प्रज्ञेश घाऊक उचलायचा. ब्लोअरने धूळ उडवायची, आधीच्या मालकाचे पासवर्ड पुसून टाकायचे, आतला पंखा कुरकुरत असेल तर बदलायचा, काही दिवस यंत्र चालवून बघायचं, आणि मग ज्यांना नवं परवडत नाही किंवा परवडत असूनही घ्यायचं नसतं, अशांना विकायचं. पुण्यात दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त.

त्याचा मुख्य माल म्हणजे स्विच. भिंतीवरचं बटण नव्हे. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्यात येऊन एकमेकांशी जोडल्या जातात, तो चपटा लोखंडी डबा. तो चालू आहे तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बंद पडला की अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसतं.

जुनी वस्तू घेताना पुणेकर नव्या वस्तूच्या दुप्पट प्रश्न विचारतो, आणि त्यातला पहिला वॉरंटीचा. बाकीचे दुकानदार सहा महिने सांगून मोकळे होत. प्रज्ञेश तेव्हा तिशीतला, धंदा नवा, अंगात रग. तो म्हणायचा, ‘‘वॉरंटी म्हणजे मीच. डबा बंद पडला की फोन करा, दुसरा आणून लावतो.’’ आणि लावायचाही. प्रत्येक डब्याच्या दर्शनी भागावर त्याने आपल्या मोबाइल नंबरचा स्टिकर चिकटवला होता.

यात आणखी एक हुशारी त्याने केली आणि तिथेच तो अडकला. त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच मॉडेलचे स्विच दिले. एकच मॉडेल म्हणजे सुटे भाग एकच, सेटिंग एकच, डोळे मिटून दुरुस्ती. सुरुवातीची वर्षं त्याला स्वतःच्या अकलेचं फार कौतुक वाटलं. पण एकाच वयाची माणसं एकदमच म्हातारी होतात, तसे ते सगळे डबे एकाच सुमाराला थकायला लागले. तोवर कंपनीने ते मॉडेल बनवणं थांबवलं होतं आणि मोडीतही ते येईनासं झालं होतं. मग प्रज्ञेश एका डब्याचा जीव काढून दुसऱ्यात घालू लागला. आज सदाशिव पेठ, उद्या कात्रज, परवा पुन्हा सदाशिव पेठ.

त्याला गावाबाहेर जाता येईना. मेहुण्याच्या लग्नात सगळा मंडप हात जोडून त्रिसरण म्हणत होता, तेव्हा ह्याच्या खिशात फोन थरथरला आणि हा बाहेर जाऊन कुणा चार्टर्ड अकाउंटंटला निळी वायर कुठे लावायची ते सांगत बसला. त्याच्या बायकोने, निकिताने, ते पाहिलं. सबंध जेवणात ती त्याच्या शेजारी बसली नाही.

निकिता सरकारी खात्यात अधिकारी होती. नागपूर तिचं माहेर, आणि तिथे तिची आई आता एकटीच राहत होती. पूर्वी एकदा तिला बढती देऊन नागपूरला पाठवत होते, तेव्हा प्रज्ञेशचा धंदा इथे म्हणून तिने ती नाकारली. या वर्षी पुन्हा तीच बढती, तेच नागपूर.

‘‘मागच्या वेळी मी थांबले,’’ ती म्हणाली. ‘‘या वेळी मी जाणार आहे. तू येणार आहेस का, तेवढं सांग. एकटी जायची माझी तयारी आहे. फक्त मग तो संसार राहणार नाही, एवढं लक्षात ठेव.’’

‘‘येणार,’’ प्रज्ञेश म्हणाला, आणि तो मनापासून बोलला होता. त्यालाही सुटायचं होतं. स्वतःच्या नंबराचा स्टिकर कुठे दिसला की तो नखाने खरवडून काढावा असं त्याला वाटायचं. नागपुरात छोटंसं प्रशिक्षण केंद्र काढायचं, मुलांना नेटवर्किंग शिकवायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

आता गिऱ्हाइकं कुणाच्या तरी गळ्यात घालायला हवी होती. नवी यंत्रं विकणारा सलिल नावाचा एक चटपटीत तरुण तयार झाला. त्याने दोन-चार ऑफिसं पाहिली आणि हात जोडले.

‘‘सर, क्लायंट्स मी घेतो, पण हे म्युझियम नाही घेणार. आधी त्यांना न्यू बॉक्स घ्यायला लावा. नंतर सपोर्ट माझा. फोन केला की त्याच दिवशी इन्स्टॉल करतो, प्रॉमिस.’’

झालं, प्रज्ञेश नवं घ्या म्हणून सांगत फिरू लागला. ज्या तोंडाने इतकी वर्षं ‘नव्याचं नुसतं फॅड आहे हो’ म्हटलं, त्याच तोंडाने. सदाशिव पेठेतल्या चार्टर्ड अकाउंटंटांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. ‘‘वा, ओव्हाळ! म्हणजे आता तुम्हालाही कमिशन सुरू झालं तर.’’ कुणी हलेना. पण डबे मरत होते आणि दुकानातला साठा संपत आला होता. अखेर तोही संपला. मग मात्र ‘शिल्लक नाही’ एवढं म्हटलं की काम होऊ लागलं. लोक कुरकुरत सलिलला फोन करत आणि प्रज्ञेशचा एकेक फास सैल होई.

मांजरी गावचे हिंमतराव तेवढे दाद देईनात. त्यांची उसाची रोपं तयार करायची मोठी रोपवाटिका. शेडमधले फवारे कॉम्प्युटरवरून चालत आणि तो सगळा कारभार प्रज्ञेशच्या डब्यावर.

‘‘चालतंय न्हवं? मग कशाला बदलायचं? आन तुमी हायच की.’’

‘‘अहो, मी नागपूरला चाललोय.’’

‘‘मग काय झालं? रेल्वे हाय की.’’

पुष्कळ विनवण्यांनंतर हिंमतरावांनी एवढंच कबूल केलं, की डबा बंद पडला आणि प्रज्ञेशकडे दुसरा नसला, तर त्याच दिवशी नवा घ्यायचा. ‘‘शब्द हाय माझा. पर तवर न्हाई.’’

निकिताला सोमवारी नागपुरात हजर व्हायचं होतं. शनिवारच्या गाडीची दोघांची तिकिटं काढून झाली. शुक्रवारी दुपारी दोघं कर्वेनगरातल्याच कुसुमताई आगाशे यांच्या लॅबमध्ये निरोप घ्यायला गेली. रक्त-लघवी तपासणारी ही लॅब म्हणजे प्रज्ञेशचं पहिलं गिऱ्हाईक. तिथला डबा अजून चालू होता आणि तो बदला असं सांगायचा धीर त्याला आजवर झाला नव्हता. काय बोलायचं, ते तो स्कूटरवर मनातल्या मनात घोळवत होता.

आत गेला तर कपाटावर नवाकोरा स्विच हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला.

‘‘महिना झाला बदलून,’’ कुसुमताई म्हणाल्या. ‘‘तुमचा अगदी व्यवस्थित होता हो. पण तुम्ही जाणार असं कानावर आलं, म्हटलं आपणच सोय करावी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही.’’ त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना डबा त्याच्या हातात दिला. ‘‘घेऊन जा. आणि आता सुखाने नागपूरला जा. पुष्कळ केलंत.’’

खरं तर त्याने तिथेच हुश्श करायला हवं होतं. पण त्याला झोंबलं. महिनाभर या बाईंचं काम त्याच्यावाचून बिनबोभाट चाललं होतं आणि त्याला पत्ताही नव्हता. डबा छातीशी धरून तो कसंबसं हसला आणि बाहेर आला.

निकिता मात्र खुलली होती. ‘‘म्हणजे राहिले फक्त हिंमतराव! आणि त्यांचा बंद पडला तरी तुझ्याकडे द्यायला काही नाहीच.’’ ती खूप दिवसांनी अशी मोकळी हसत होती. ‘‘चल, चहा घेऊ.’’

तेवढ्यात फोन वाजला. प्रज्ञेशच्या एका हातात डबा होता, म्हणून त्याने फोन सीटवर ठेवून स्पीकर लावला.

‘‘ओव्हाळसायेब, डबा गेला बगा,’’ हिंमतरावांचा आवाज. ‘‘येक बी दिवा लागंना. शिल्लक हाय का येखादा? नसंल तर त्या सलिलचा नंबर द्या, नवाच घेतो आता. शब्द दिलाय तुमाला.’’

निकिताने प्रज्ञेशकडे पाहिलं. मग त्याच्या हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं. तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि तिने हळूच मान हलवली. नाही म्हण. एक शब्द. सलिल संध्याकाळपर्यंत नवा डबा लावणार होता, हिंमतरावांचं एक रोपही वाळणार नव्हतं. उलट त्यांचं भलंच होणार होतं. प्रज्ञेशला हे सगळं कळत होतं.

‘‘आहे ना,’’ तो म्हणाला. ‘‘चालू डबा आहे माझ्याकडे. काळजी करू नका, मी निघालोच.’’

‘‘लई उपकार झाले बगा,’’ म्हणत हिंमतरावांनी फोन ठेवला.

निकिता ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे विचारलं, ‘‘किती वर्षं चालेल हा?’’

‘‘दोन-तीन. नीट ठेवला तर.’’

‘‘आणि बंद पडला की?’’

तो गुंडाळीचा सुटलेला कागद नीट करू लागला. तिने हेल्मेट काढून आरशाला अडकवलं.

‘‘मी रिक्षाने जाते घरी. तू मांजरीला जा. तुझं तिकीट मी रद्द करून टाकते. कुणाला तरी उपयोगी पडेल.’’

‘‘अगं, मी मागून येतो ना, दोन दिवसांत,’’ तो म्हणाला. हे तो बायकोला नव्हे, गिऱ्हाइकाला सांगतो आहे, असं त्याचं त्यालाच वाटलं. तिने हात केला, रिक्षा थांबली आणि ती मागे वळून न बघता बसून गेली.

इतकी वर्षं तो जगाला सांगत आला होता, की लोक मला सोडत नाहीत. आज कुसुमताईंनी सोडलं होतं. हिंमतराव सोडायला तयार होते. निकितानेही सोडलं. रस्त्याकडेला उभा राहून तो रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला, आणि तिच्यामागे स्कूटर घालावी असं त्याला फार फार वाटलं. मग त्याने डबा दोन पायांमध्ये नीट ठेवला, पडणार नाही ना ते हलवून पाहिलं आणि मांजरीच्या रस्त्याला लागला.