पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं

२०२३ साल. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ल्यूकनला मुलाकडं आलो होतो. दरवर्षी येतो. तीन महिने झाले की व्हिसा संपतो आणि मला कोल्हापूरला परत पाठवतात. पाठवतात म्हणजे मीच जातो, पण विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत नेतात तेव्हा पार्सल झाल्यासारखं वाटतं. चालता येतं मला चांगलं. मुलगा ऐकत नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं सगळं आयुष्य फाउंड्रीत वाळूचे साचे करण्यात गेलं. पण आमच्या पेठेच्या तालमीचा फुटबॉलचा संघ होता आणि त्या संघाचा मी तेरा वर्षं गोलकीपर होतो. उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे. ती बसवून घ्यायला सवडच मिळाली नाही, कारण पुढच्या रविवारी मॅच होती.

मुलाला या गोष्टींचं काही वाटत नाही. तो कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, सूनबाईपण तेच करते. ऐकायची ती नात. सतरा वर्षांची, शाळेचं शेवटचं वर्ष. ती बोलते इंग्रजी, तेही इथल्या लोकांसारख्या हेलात. मराठी सगळं समजतं, पण तोंडातून काढत नाही. मी मराठीत बोलायचं, तिनं इंग्रजीत; तिचं बोलणं इथं मी मराठी करून लिहितोय. सूनबाई म्हणायची, "तुमचं दोघांचं म्हणजे दोन रेडिओ शेजारी लावल्यासारखं आहे." असेना. आमचं भागत होतं.

घरांच्या मधोमध गवताचं मैदान आहे, त्याला ही मंडळी ग्रीन म्हणतात. तिथं मी तिला आठव्या वर्षापासून शिकवलं. दरवर्षी तीनच महिने, पण रोज. डावा पाय मी तयार केला. आणि पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलं, तू पुढं खेळायचं. सेंटर फॉरवर्ड. गोलमध्ये उभं राहायचं नाही.

त्याला कारण आहे. गोलमध्ये उभं राहणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. शंभर बॉल अडवा, कुणी बघत नाही. एक पायातून गेला की गाव बघतं. शेजारच्या पेठेशी झालेल्या मॅचमध्ये माझ्या पायातून असा एक गेला. आमच्या चौकातला चहावाला मरेपर्यंत मला तोच गोल ऐकवायचा. "काय गोलकीपर, दार लावलंस का आज?" असं म्हणूनच चहा द्यायचा. त्याच्या मयताला गेलो तेव्हा मनात आलं, चला, बघितलेल्यांतला एक कमी झाला. तर ही जागा नातीला द्यायची नाही, हे माझं ठरलेलं होतं.

इथल्या क्लबात ती पुढंच खेळायची. गोल फार मारायची नाही, हे खरं. पण पळायची.

त्या वर्षी एका कॉलेजच्या कोचबाईंनी एका शनिवारी पोरींना खेळ बघायला बोलावलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ज्या पोरी निवडतील त्यांना तिथं प्रवेश, राहायला खोली आणि पुढची चार वर्षं कॉलेजच्या संघात जागा. मुलाच्या मनात वेगळंच होतं. डब्लिनमध्ये कॉम्प्युटर शिकायचं, घरून बसनं जायचं-यायचं. "फुटबॉल काय, वीकेंडला खेळ की," असं तो म्हणायचा. वीकेंडचा फुटबॉल म्हणजे चार महिन्यांत बंद, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोरीला जास्त ठाऊक होतं. बूट घासताना मला म्हणाली, "आजोबा, हे झालं नाही तर बूट कुणाला तरी देऊन टाकीन. आय'म डन." चेष्टेत म्हणाली नव्हती.

शनिवारी मुलाला कामावरून सारखे फोन येत होते, सूनबाईला सर्दी. म्हणून मी गेलो तिच्याबरोबर, बसनं. पायजमा, वर मुलाचा जाड कोट, डोक्याला टोपी. मैदानाच्या कडेला बाकीचे आईबाप कागदी कपातून कॉफी पीत होते आणि वारा असा की कॉफी कपातून बाहेर यायची. कोचबाई आखूड केसांच्या, उंच. दोन्ही हात खिशात. ओरडणं नाही, शिट्टीपण क्वचित. मला आवडल्या. आमच्या तालमीतले म्हातारे असेच बघायचे.

पोरगी पुढं खेळत होती आणि तिला बॉल मिळत नव्हता. समोरच्या बॅकच्या पोरी दारासारख्या. खांदा लावला की आमची गवतात. दोनदा पाय मारला, दोन्ही बॉल झाडीत गेले. मी मनाशी म्हटलं, वारा आहे.

मग आमच्या पोरीच्याच बाजूची गोलकीपर मनगटावर पडली. तिला बाहेर नेलं. कोचबाईंनी विचारलं, कोण उभं राहतंय? सगळ्या पोरी आपापले बूट बघायला लागल्या. आमच्या पोरीनं हात वर केला.

"अगं ए! खाली घे हात!" मी कडेवरून ओरडलो. शेजारचा एक बाप दचकला. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. दुसऱ्याचे ओले हातमोजे घातले आणि जाऊन उभी राहिली.

पुढं जे बघितलं ते सांगतो. कॉर्नर आला. गोलकीपर बहुतेक करून लाइनीवर चिकटून राहतात, भितात. ही बाहेर आली. दारासारख्या दोन पोरींच्या डोक्यावरनं बॉल काढला, छातीशी घेतला आणि पडली ती बॉलवर अंग घालून पडली. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. तिला गोलमध्ये कधी उभंच केलं नव्हतं, तर शिकवणार कुठून? नंतर एकटी पोरगी बॉल घेऊन धावत आली. आमची थांबली, वाट बघितली, आणि त्या पोरीनं पाय मागं घेतल्याबरोबर हात पुढं करून तिच्या पायावर झेपावली. ते हात माझे होते. मी ओळखले.

कोचबाईंनी खिशातून हात बाहेर काढले.

खेळ संपल्यावर बाई सरळ आमच्याकडं आल्या. आधी पोरीशी बोलल्या, मग माझ्याशी, सावकाश, मला समजावं म्हणून. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण टीव्ही बघून बघून समजतं. त्यांचं म्हणणं असं की पुढं खेळणाऱ्या पोरी त्यांना पाहिजे तेवढ्या मिळतात, गोलकीपर मिळत नाही. ही पुढं खेळेल तर त्यांना नको. गोलमध्ये खेळेल तर आत्ता घेतात.

पोरीनं माझ्याकडं बघितलं. चेहरा चिखलानं भरलेला, आणि डोळे असे की मी तिच्या आठव्या वर्षानंतर पहिल्यांदा तसे बघितले.

आता आमच्याकडची रीत सांगतो. मला तालमीत घ्यायचं ठरलं तेव्हा तालमीची माणसं माझ्या वडिलांकडं आली. वडिलांनी चहा दिला आणि म्हणाले, आमचं पोरगं गोलमध्ये उभं राहणार नाही. ती माणसं उठून गेली. पुन्हा आली, सोबत दोन म्हातारे घेऊन. वडील परत नाही म्हणाले. तिसऱ्यांदा नारळ आणि फेटा घेऊन आली, तेव्हा वडिलांनी मला आतून हाक मारली. सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की मी जाणार. पण पहिल्या शब्दाला हो म्हटलेला खेळाडू म्हणजे रस्त्यावर पडलेला. त्याला उद्या कुणी बाकावर बसवतो, परवा घरी पाठवतो. मागायला लावलं की मान राहतो. आमच्या पेठेत सगळे असंच करायचे.

"नाही म्हणून सांग," मी म्हणालो.

"काय? आजोबा, ती मला घेतीय."

"म्हणूनच. पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं."

"आणि मग?"

"मग त्या घरी येतील. आल्या की बोलू."

"इथं असं करतात?"

"खेळाडू मागायची रीत सगळीकडं एकच असते. सांग. पुढं खेळवणार असाल तर बोला, म्हणावं."

तिनं ओले हातमोजे काढले. मग माझं ऐकलं. नेहमीच ऐकायची. मान खाली घालून तिनं सांगितलं. कोचबाईंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हसल्या. चिडल्या नाहीत. पोरीच्या फोनमध्ये आपला नंबर घातला आणि म्हणाल्या, बुधवारपर्यंत विचार बदलला तर कळवा. मग माझा हात हातात घेतला आणि थांबल्या. करंगळी बघितली.

"कीपर?" त्यांनी विचारलं.

"थर्टीन इयर्स," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. काय समजायचं ते त्या समजल्या असं मी धरून चाललो.

घरी आल्यावर मी कामाला लागलो. या देशात कपडे बाहेर वाळत नाहीत, त्यामुळं पुढच्या खोलीतल्या रेडिएटरवर सगळ्या घराचे मोजे आणि बनियन पसरलेले असतात. पाहुणे येणार तर ते बरं दिसत नाही. मी सगळं उचलून मागं नेलं. प्रेसमधले, म्हणजे कपाटातले, सोनेरी काठाचे कप काढून धुतले. इंडियन दुकानातून पेढे आणवले.

"आबा, कोण येणार आहे?" सूनबाईनं विचारलं.

"कोचबाई."

"त्यांनी मेसेज केला?"

"मेसेज कशाला? येतील."

"अहो आबा, इथं शेजारचा माणूस दोन घरं ओलांडून येतो तेपण आधी विचारून. कुणी असं दार वाजवत नाही."

रविवारी मी टोपी घालून खिडकीशी बसलो. सोमवारी बेल वाजली. मीच उठलो. दारात एक बाई होती, हातात पार्सल. मुलगा जिन्यावरून म्हणाला, "आबा, पेढा द्या तिला." सगळे हसले. पोरगी हसली नाही.

मंगळवारी मुलगा हसायचा थांबला. "आबा, त्या बाईंना गोलकीपर पाहिजे. त्या तुमच्या दारात नारळ घेऊन यायच्या नाहीत. दुसरी पोरगी घेतील."

"घेऊ दे. असे हात मिळायचे नाहीत."

"तिला जायचंय, आबा."

"मग तुझा तो कॉम्प्युटर कुणाला पाहिजे होता?"

त्याला गप्प केल्याचं मला बरं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

बुधवारी शाळेतून आल्यावर पोरगी फोन घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. गणवेशावरच. "आजोबा, मी करू का फोन? आज शेवटचा दिवस आहे."

"आपण नाही करायचा."

"जस्ट एक फोन."

"आपण केला की त्यात काही राहत नाही. त्या आज येतील. शेवटच्या दिवशीच येतात माणसं."

ती उभी राहिली. मी खिडकीबाहेर बघत होतो. समोरच्या घरात कुणीतरी गाडी लावली, उतरलं, आत गेलं. मग ती वर गेली. कप मी रात्रीपण टेबलावरच ठेवले.

गुरुवारी संध्याकाळी तिनं स्वतःच फोन केला. जिन्यात बसून, मला ऐकू येईल असा. एवढंच ऐकू येत होतं, "ओ राइट. ना, ना, ग्रँड. यू'र ग्रँड. थँक्स अ मिलियन." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत नुसतं ठीक आहे. मग खाली येऊन माझ्याशेजारी बसली.

"काय म्हणाल्या?"

"सकाळी दुसऱ्या मुलीला घेतलं. कॉर्क शहरातली आहे." ती सॉक्सचा धागा ओढत होती. "मला म्हणाल्या, तुला काय हवं ते तुला पक्कं ठाऊक होतं, ते त्यांना आवडलं."

मी म्हणालो, पुढच्या वर्षी. ती म्हणाली, पुढच्या वर्षी असं नसतं. मी म्हणालो, मी तुझ्याबरोबर येतो, बाईंना भेटू. ती म्हणाली, नको. मी म्हणालो, त्या कॉर्कच्या पोरीला कॉर्नरला बाहेर येता येतं का बघायला पाहिजे.

मग ती मराठीत बोलली. मला समजलं नाही असं म्हणायला जागा राहू नये म्हणून असेल.

"आजोबा, मला गोलमध्ये आवडलं होतं. लई आवडलं होतं."

लई हा शब्द तिनं माझ्याकडूनच घेतलेला. या घरात दुसरं कुणी तो वापरत नाही.

मी चुकलो असं मी आजही म्हणत नाही. रीत ती रीत. माझ्या वडिलांकडं माणसं तीनदा आली, हे कुणी खोटं करू शकत नाही. इथली माणसं एकदा विचारतात आणि तुमचं नाही हे नाहीच धरतात, हा त्यांचा दोष. पण मैदानावरचे ते डोळे मी पुन्हा बघितले नाहीत. ती सप्टेंबरपासून बसनं डब्लिनला जाते. बरी आहे. विचारलं की ग्रँड म्हणते.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. कप पुसून प्रेसमध्ये ठेवले. मागच्या खोलीतले ओले कपडे पुढं आणले आणि रेडिएटरवर होते तसे पसरले, मोजे, बनियन, सूनबाईचे टॉवेल. दाराशी जुने कपडे देऊन टाकायची पिशवी ठेवलेली होती. तिच्यात पोरीचे बूट वरच दिसत होते. शनिवारची जर्सी रात्री धुतलेल्या कपड्यांत होती, अजून ओली. ओलं कापड पिशवीत घातलं की वास येतो, घेणाऱ्याला ते बरं वाटत नाही. म्हणून मी ती झटकली, मधल्या गरम पट्टीवर दोन्ही बाह्या सरळ करून घातली आणि वाळेपर्यंत तिथंच बसलो.