पाठमोरी प्रेक्षक

इराचा फोन आला तेव्हा मी मेडनहेड स्टेशनच्या फलाटावर उभा होतो. "मंदारकाका, आई गेली," ती म्हणाली, आणि नेमकी त्याच वेळी स्पीकरवरची बाई लंडनची गाडी रद्द झाल्याचं सांगून गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करू लागली. दोघी एकदम बोलत होत्या. मी तोंड उघडलं तर एकच वाक्य बाहेर पडलं, "घाबरली होती का गं?" अशा वेळी असा प्रश्न कुणी विचारत नाही, मला ठाऊक आहे. पण इराच्या आईला, वृंदा सोहोनीला, ओळखणाऱ्या कुणीही हाच विचारला असता. इरा म्हणाली, "नाही. मला म्हणाली, हॉस्पिसच्या पार्किंगची वेळ संपत आली असेल, उगाच फाइन लागेल, जाऊन बघ. मी बघून परत आले तर..."

वृंदा भित्री होती. हे मी तिच्या माघारी बोलत नाहीये, तिच्या तोंडावर कित्येक वर्षं बोलत आलो. नागपूरची मुलगी, सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून इथे आली, म्हणजे काय काय बिघडू शकतं याचा दिवसभर विचार करण्याचा पगार घ्यायची आणि घरी येऊन तेच फुकट करायची. बॉयलर फुटेल, सरकत्या जिन्यात साडीचा पदर अडकेल (ही बाई साडी वर्षातून दोनदा नेसायची), थेम्सच्या काठाने फिरताना तोल जाईल. गणपतीत आरतीचं तबक फिरायला लागलं की ही हॉलमधल्या स्मोक अलार्मखाली हात जोडून उभी. ते हात देवाला नव्हते, अलार्मला होते. मी इथल्या मराठी मंडळाचा निवेदक. माइक हातात आला की मला आवरणं कठीण, त्यामुळे तिच्या या लीला मी स्टेजवरून चारचौघांत सांगायचो आणि ती पहिल्या रांगेत बसून, अर्थात दाराजवळच्या खुर्चीत, सगळ्यांत आधी हसायची.

अशा बाईच्या पोटी इरा यावी, हा देवाचा निव्वळ चावटपणा. इरा लहान असतानाच वृंदा आणि तिचा नवरा वेगळे झाले होते, घरात दोघीच. कुणाच्या तरी वाढदिवसाची पार्टी आइस रिंकवर होती. बाकीची पोरं आधाराला ठेवलेल्या प्लास्टिकच्या पेंग्विनला धरून रडत होती आणि इरा कुणालाही न धरता सुटली. कठड्याशी उभ्या असलेल्या वृंदाने डोळे मिटले ते मिटलेच. तिथल्या एका कोचने येऊन "या मुलीला पुन्हा घेऊन या" असं सांगितलं, तेही तिने डोळे मिटूनच ऐकलं. पुढे पोरगी स्पीड स्केटिंगमध्ये गेली. त्यातही ऑलराउंडमध्ये, म्हणजे ज्यांचं एका अंतराने समाधान होत नाही अशा माणसांच्या खेळात. दोन दिवसांत चार शर्यती, पाचशे मीटरपासून मुलींसाठी पाच हजारांपर्यंत, पुरुषांसाठी दहा हजारांपर्यंत. चारही वेळांचे गुण काढून बेरीज करायची, सगळ्यांत कमी गुण तो विजेता. चारशे मीटरचा तो मोठा बर्फाचा ट्रॅक या अख्ख्या देशात एकही नाही, म्हणून इरा सरावाला हॉलंडला. आणि वृंदा इथे, मेडनहेडला, काळीज मुठीत धरून.

शर्यत लागली की मला बोलावणं यायचं. टीव्ही चालू, आवाज बंद, दिवा बंद. वृंदा आपली खुर्ची टीव्हीकडे पाठ करून, बागेच्या काचेच्या दाराकडे तोंड करून ठेवायची आणि म्हणायची, "हं, सांग." मी तिच्या मागे सोफ्यावर बसून समालोचन करायचं. माझी बायको मेधा एकदाच आली आणि "तुमचं दोघांचं हे नाटक मला बघवत नाही," म्हणून निघून गेली. पण मला त्यात काय मजा यायची, काय सांगू! लग्नातली मंगलाष्टकं, क्रिकेटचा सामना आणि वगनाट्यातला सरदार, सगळं मी त्या एका आवाजात ओतायचो. अट एकच होती, आणि ती माझी मीच घातलेली. काहीही झालं तरी वृंदाला भीतीदायक असं काही सांगायचं नाही. इरा डगमगली, की माझ्या तोंडून "वा, काय डौल!" इराचा पाय घसरला, की मी प्रेक्षकांच्या टोप्यांचं वर्णन सुरू करायचो. त्या टोप्यांवर माझा अभ्यास झाला होता.

मग ती पडली. वळणातून बाहेर येताना पाय निसटला, ती आडवी होऊन कडेच्या गादीवर आदळली आणि जोडीने पळणाऱ्या मुलीच्या स्केटचं पातं तिच्या मांडीवरून गेलं. बर्फावर लाल रेघ उमटली. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, पण हात शाबूत होता. मी टीव्ही बंद केला आणि अत्यंत सहज आवाजात म्हणालो, "वायफाय गेलं वाटतं." वृंदा उठली, जिना चढली आणि पाच-दहा मिनिटांत पासपोर्टसकट भरलेली बॅग घेऊन खाली आली. "मला एअरपोर्टला सोड," म्हणाली. मी तर तिला काहीच सांगितलं नव्हतं. आईचं काळीज हे असं असतं, ही गोष्ट मी नंतर रेडिंगपासून इल्फर्डपर्यंत प्रत्येक मराठी घरात सांगितली. बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. वृंदा तिथे असली तर मान खाली घालून चहा प्यायची.

इराची मांडी बरी झाली. वृंदाचं मात्र दुखणं निघालं, आणि ते बरं होणारं नव्हतं. या जानेवारीत इरा त्या जखमेनंतर पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत उतरणार होती, आणि आदल्या आठवड्यात तिने जाहीर केलं की आपण जाणार नाही, आईजवळ थांबणार. मी तिथेच होतो.

"थांब की," वृंदा म्हणाली. "दोघी मिळून छताकडे बघू."

"आई, प्लीज. मी तिकडे गेले आणि तुला काही झाला तर?" इथे वाढलेल्या इराच्या मराठीत लिंगांचा नेहमीच गोंधळ.

"मला होणारच आहे. त्याला घाबरून झालं माझं. आता तूही घरी बसलीस तर मी घाबरायचं कुणासाठी? जा बाई. मला काहीतरी काम दे."

इरा गेली. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी शेवटची, पाच हजारांची शर्यत, आणि पहिल्या तीन अंतरांच्या बेरजेवर तिथे फक्त आठ जणी पोचतात. इरा आठवी होती. बाहेर चारलाच अंधारून आलं होतं. वृंदा शालीत गुंडाळून आपल्या खुर्चीत, टीव्हीकडे पाठ. मानेची हाडं दिसत होती. मी सोफ्यावर. दोघी स्केटर एकदम निघतात, एक आतल्या लेनमधून, एक बाहेरच्या, आणि दर फेरीला समोरच्या सरळ पट्ट्यावर लेन बदलतात, त्याला क्रॉसिंग म्हणतात. बाहेरून आत येणारीचा हक्क पहिला, दुसरीने तिला वाट द्यायची. कागदावर हे फार सभ्य वाटतं. प्रत्यक्षात पायाला सुऱ्या बांधलेल्या दोन मुली भरधाव एकाच जागेकडे येत असतात.

अर्धी शर्यत बरी गेली. माझ्या टोप्या, माझे अलंकार, सगळं चालू होतं. मग एका फेरीला दोघी बरोबरीने त्या पट्ट्यावर आल्या. वाट इराने द्यायची होती. तिने वेग उशिरा आवरला, वाकलेली ती एकदम ताठ झाली, दुसरी तिच्या नाकासमोरून गेली, इरा हेलपाटली आणि पुढच्या वळणात तिचा हात बर्फाला टेकला. "झकास," मी म्हणालो, "अगदी पाण्यावरून बदक सरकावं तसं चाललंय."

"हात टेकला तिचा," वृंदा म्हणाली. "उजवा."

"डावा," मी म्हणालो.

वृंदाने मागे वळून पाहिलं नव्हतं. तिची नजर समोर काचेच्या दारावर होती, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवा का बंद करायचा, पडदे ओढतो म्हटलं तर ही "कोंडल्यासारखं होतं" असं का म्हणायची. काळ्या काचेत अख्खा टीव्ही दिसत होता, आरशात दिसतो तसा उलटा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून."

"म्हणजे ते वायफाय..."

"टीव्ही बंद करायला तू सोफ्यावरून रिमोट उचललास, तेही दिसलं होतं."

"आणि मी जगभर सांगत फिरलो, आईचं काळीज..."

"छान सांगायचास. माझंही मन भरून यायचं."

"मग मला कशाला बोलवायचीस, बये?"

"तू खोटं बोलत असलास की धीर यायचा," ती म्हणाली. "खरंच काही वाईट झालं असतं तर याला एवढं खोटं जमलं नसतं, असं वाटायचं."

पाच फेऱ्या बाकी होत्या. "मग आता तरी वळून बघ," मी म्हणालो.

"नको. तू इकडे ये."

मी स्टूल घेऊन तिच्या शेजारी बसलो आणि मला दिसलं. काचेपलीकडे तिची छोटी बाग होती, गवत, कपड्यांची दोरी, कौन्सिलचे कचऱ्याचे चाकांचे डबे, आणि त्या सगळ्यातून इरा पळत होती. गवतावरून वळायची, दोरीखालून जायची. "इथे पडली तर गवतावर पडेल," वृंदा म्हणाली, आणि माझं मनगट धरलं. त्या धरण्यात ताकद नव्हती, पण सोडायची तिची तयारी नव्हती. मी एक शब्द बोललो नाही. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसलेलो नाही, आणि इतका घाबरलेलोही नाही. लेन बदलायची वेळ आली की तिचा श्वास थांबायचा आणि मला वाटायचं, आता हा परत सुरू होतोय की नाही. मी एकाच वेळी दोघींवर डोळा ठेवून होतो. इरा आठवीच आली. उभी आली. वृंदा म्हणाली, "आता दिवा लाव. आणि चहा टाक."

फेब्रुवारी सरता सरता ती गेली. मार्चमध्ये इराची आणखी एक स्पर्धा होती आणि ती जाणार म्हणाली. घराची किल्ली माझ्याकडे दिली. "काका, तुम्ही घरी बसून बघाल? कुणीतरी बघतोय असं पाहिजे मला."

मी गेलो. मेधाही येते म्हणाली होती, पण दारापर्यंत येऊन परत फिरली. मी टीव्ही लावला, आवाज बंद केला आणि वृंदाच्या खुर्चीत बागेकडे तोंड करून बसलो. पण मार्चची दुपार होती. बाहेर लख्ख उजेड. काचेत काहीच नव्हतं, नुसती बाग, ओलं गवत आणि रिकामी दोरी. मागे शर्यत सुरू झालेली असणार आणि मला काही दिसत नव्हतं. शेवटी मी खुर्ची उचलून फिरवली आणि सगळं सरळ पाहिलं. प्रत्येक फेरी, प्रत्येक वळण, आणि तो पट्टा जिथे दोघी एका जागेकडे येतात. एकदा ती डगमगली. मला टोप्या दिसल्या नाहीत.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"काका, क्रॉसिंगला बघितला तुम्ही?"

"बघितलं."

"स्टार्टला माझे पाय थरथरत होते. आधी कधीच नाही झाला असं. मला वाटायचं मला भीती वाटतच नाही. आता कळलं, आई सगळी स्वतःकडे ठेवायची."

"मग काय केलंस?"

"काय करणार... घेऊन पळाले."

फोन ठेवल्यावर मी कप धुऊन पालथा घातला, गॅस बंद आहे ना ते पाहिलं, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन पुन्हा पाहिलं. खुर्ची टीव्हीकडे तोंड करून तशीच होती. ती मी उचलली आणि फिरवून काचेच्या दारासमोर ठेवली. नोव्हेंबरपासून पुन्हा लवकर अंधारून येईल.