व्हॅनेडियमचा पंचनामा

माझी सारी नोकरी न्यायालयाच्या मुद्देमाल खोलीत गेली. नमुना हाती आला की त्याचे दोन भाग करायचे, एक तपासणीस पाठवायचा आणि दुसरा लाखेच्या मोहोरेखाली राखून ठेवायचा, ही सवय हाडात मुरलेली. त्या सवयीने मी माझ्या मुलीचे काय केले, ते लिहून ठेवतो.

मुलगी रसायनशास्त्राची संशोधक. गंगापूरच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवून उरलेल्या वेळात तिने प्रबंध ओढत आणला होता. विषय तिने मला पिठाची चाळण हातात घेऊन समजावला होता. "बाबा, जिओलाइट म्हणजे अशीच चाळण, फक्त भोकं रेणूच्या मापाची. त्यांत मी व्हॅनेडियम धातूचे अणू बसवलेत. ते कोणत्या रूपात बसलेत, तेवढं पुण्याच्या यंत्रावर पाहायचंय."

पहिला नमुना कुरिअरवाल्यांनी हरवला. मी सात पत्रे धाडली. उत्तर एका ओळीचे आले: पाकिटात नेमके काय होते, याचा पुरावा सादर करावा. माझे मस्तक फिरले. यापुढे या घरातून पुराव्याशिवाय कणही बाहेर जाणार नाही, असे मी ठरवून टाकले.

दुसरा नमुना तिने काचेच्या नळीत आणला. नळीचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलेले होते. पूड सांडू नये म्हणून, असा माझा समज. तो शेवटचाच होता. नमुने भाजायची विभागाची भट्टी त्यानंतर जळाली आणि मुलीच्या प्रबंधाच्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती. ती एसटीने गंगापूरला गेली, आणि मी दोघा शेजाऱ्यांना पंच म्हणून बोलावले.

"अहो भाऊसाहेब, पंचनाम्याला मढं लागतं," त्यातले एक हसले. "इथं कुठाय मढं?"

"सही करा," मी म्हणालो.

कानशीने नळीची मान कापली. फिकट राखी पूड दोन पुड्यांत सारखी वाटली, लाख ओतली, मोहोर उमटवली.

संध्याकाळी मुलगी आली. "नळी कुठंय?"

"सुरक्षित आहे. निम्मी पुण्याला पाठवायला, निम्मी आपल्या अभिलेखात ठेवायला."

तिने एका पुडीची लाख फोडली. पूड पिवळी पडली होती.

"हवा लागली, बाबा. हवा आणि ओल आत शिरली की व्हॅनेडियमचं रूपच बदलतं. म्हणून तर तोंड वितळवलं होतं." मग फार हळू म्हणाली, "मला एकदा विचारायचं तरी."

दुसऱ्या दिवशी मुदतवाढीचा अर्ज घेऊन मी विद्यापीठात गेलो. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "काका, नमुना तिनं नाय, दुसऱ्यानंच बिघडवला, याला पुरावा काय?"

मी पंचनामा पुढे केला. दिनांक, वेळ, मोहोर, पंचांच्या सह्या, खाली माझी. सबंध नोकरीत इतका चोख कागद माझ्या हातून झाला नव्हता, आणि त्यातली प्रत्येक ओळ माझ्याविरुद्ध होती.

मुदतीला आता तीन दिवस उरले आहेत. मी रोज खिडकीशी उभा राहतो, उत्तर नाही. कागदासोबत जोडायला मी त्या पुड्या मागितल्या, तेव्हा मुलीने काढून दिल्या.

"नीट सांभाळा," ती म्हणाली. "आता त्या तुमच्याच कामाच्या आहेत."