आप्पाच्या पोटातले भाडेकरू

आजारी माणसापेक्षा त्याच्या मित्रांकडे किस्से जास्त साठतात. आप्पाचे सांगू नयेत असं दरवेळी ठरवतो आणि चहा आला की मीच सुरुवात करतो.

आम्ही तिघं नंदुरबारच्या एकाच कॉलेजातून रिटायर झालो. मी मायक्रोबायोलॉजीचा प्राध्यापक, धानोऱ्याचा आप्पा लायब्ररीत, धडगावचा मन्साराम माझ्या लॅबमध्ये. आप्पाला लिव्हरचा कॅन्सर निघाला तेव्हा मी त्याला समजावलं, की आतड्यातलं रक्त आधी लिव्हरमध्ये जातं. आतड्यातले जंतू बिघडले की झळ तिथे पोचते.

आप्पा म्हणाला, "म्हंजे भांडन भाडेकरूस्नं, अन् पोलीस घरमालकना दारशी!"

*

ते ऐकून मन्सारामने आप्पासाठी ताकाच्या बाटल्या आणण्याचा धडाका लावला. "चांगले जंतू, सर! तुम्हीच शिकवलंत!" आप्पाचा स्वतःचा गोठा रिकामा, आजार निघाला त्याच महिन्यात सगळी गुरं विकलेली.

मी बाटली उजेडात धरली. "पाणी उकळलेलं होतं का?"

आप्पाने ती माझ्या हातातून काढून घेतली. "सर, हाई ताक शे, परीक्षाना पेपर नही!"

*

मग सुरतेला इंजेक्शनं ठरली, प्रतिकारशक्तीला जागं करणारी. पहिल्या इंजेक्शनाच्या आठ दिवस आधी आप्पाला जुलाब लागले. मी घाबरलो. डॉक्टरांना न विचारता घरातली अँटिबायोटिकची पट्टी नेऊन दिली. आणि पीएचडी माझी!

नंतर वाचलं, की अशा गोळ्यांनी आतड्यातले चांगले जंतूही मरतात आणि मग त्या इंजेक्शनांचा गुण कमी येतो, असं काही संशोधकांना वाटतं. त्या 'वाटतं'ने माझी झोप उडवली. आप्पाला मात्र बोललो नाही.

*

निरोगी माणसाचे जंतू रोग्याच्या पोटात सोडण्याचे प्रयोग चाललेत, असं एकदा बोलून गेलो. मन्साराम लगेच तयार! मीही हात वर केला.

"तुम्हना नको, सर," आप्पा म्हणाला. "तुम्हना जंतूस्ले बी काळजी लागेल व्हई!"

मन्साराम हसून हसून बाकावरून घसरला. मीही हसलो, आणि ती पट्टी आठवली.

*

इंजेक्शनांचा उपयोग झाला नाही. आता घरीच ठेवा, असं सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी धानोऱ्याला गेलो. आप्पा ओट्यावर खाटेवर पडलेला, डोळे पिवळे. वहिनी चहा घेऊन आल्या, आणि त्यांच्यासमोरच मी सगळं सांगून टाकलं. पट्टी, जंतू, वाचलेलं, सगळं.

आप्पा कोपरावर टेकून जरा उठला.

"त्या गोळ्या? मी खाद्याच नहीत, सर. वासरूले जुलाब लागेल व्हतात, त्याले चारी दिध्यात. आते दखा ना, कसं टणटणीत शे!"

वहिनी कप हातात धरून रिकाम्या गोठ्याकडे बघत राहिल्या.