शेवंताबाईचं काचेचं कुंपण

शेवंताबाईच्या वांग्या-मिरच्यांच्या वाफ्याला कुंपण होतं ते काचेचं. तिचा नवरा भैय्यालाल शहरातल्या समता कॉलनीच्या रस्त्यांवरचे दिवे बदलायच्या कामावर होता. बंद पडलेल्या ट्यूबलाइट फेकायला त्याचा हात धजत नसे. सायकलला बांधून तो त्या तेलीबांधा तलावाच्या पार पुढच्या आपल्या वस्तीत आणायचा आणि एकेक मातीत उभी रोवायचा. तो गेला, कुंपण राहिलं.

पुढे राज्याच्या नव्या राजधानीकडे विजेची मोठी लाइन निघाली. लोखंडी मनोरे वस्तीवरून चालत गेले, तारा ओढल्या गेल्या. त्यांत वीज सोडली, त्या तिन्हीसांजेला शेवंताबाईचं कुंपण उजळलं. ना वायर, ना बटण. ताकाच्या निवळीसारखा फिका, थरथरता उजेड.

ती घाबरली नाही. भैय्यालालनं एकदा ट्यूब मांडीवर घेऊन तिला सांगितलं होतं, "ही रिकामी नाही, शेवंता. आत जरासा गॅस असते, पाऱ्याची वाफ असते. वीज त्यायच्या कणांले धडका देते. धडकेत घेतलेला जोर ते उजेड करून परत टाकतात. तो उजेड आपल्याले दिसत नाही. काचेवरची पांढरी भुकटी तो पिते, अन् दिसन असा करून देते."

"मंग मेलेली ट्यूब?"

"टोकाची तार जळते फक्त. गॅस जित्ताच राहते. मोठ्या लाइनखाली धरली तर हातातच पेटन. त्या तारेचा जोर हवेतून खालपर्यंत येते."

पण हे फक्त तिला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात शेजारच्या सत्यभामेची पोर तापानं फणफणली, बरळू लागली, डोळे फिरवू लागली. आणि वस्तीला दोन्ही गोष्टी एकाच दोरीत ओवायला वेळ लागला नाही.

संध्याकाळी माणसं दारात आली. पुढे सत्यभामेचा दीर शंकर. करणी करणाऱ्या बाईला इकडे टोनही म्हणतात. तो शब्द आधी मागून आला, मग पुढून. एक दगड आला, एक ट्यूब फटकन फुटली.

"सकाळपर्यंत घर खाली कर," शंकर म्हणाला.

शेवंताबाईला जायला जागाच नव्हती. नागपूरकडचं माहेर कधीचंच संपलं होतं. तिनं एक ट्यूब उपटली आणि तारांखाली उभी धरली. मुठीच्या वरचा भाग उजळला. तिनं मूठ सरकवली, उजेडही सरकला.

"पाहा, मी नाही करून राहिली. वरची तार करून राहिली. कोणाच्याही हातात पेटन. धरा न, शंकरभाऊ!"

शंकरनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हिरालाल भैया, तुम्ही तरी. माह्या घरचे वांगे खाल्ले न तुम्ही?"

"ते वांगे होते, बाई," दुकानदार हिरालाल म्हणाला. कोणीतरी हसलं.

तिचा सगळा पुरावा दुसऱ्या कोणाच्या हातावर अडला होता, आणि तो हात एवढ्या गर्दीत निघत नव्हता. ती एकेकासमोर ट्यूब नेत होती, माणसं मागे सरत होती. "धरा न हो," म्हणता म्हणता तिचा आवाज फाटला.

तेव्हा सत्यभामा आली. पोर खांद्यावर टाकलेली. मोकळ्या हातानं तिनं ट्यूब ओढून घेतली.

ट्यूब पेटली. त्या फिक्या उजेडात तिचा चेहरा सगळ्यांना दिसला.

"मंग माह्या पोरीले कोणं केलं?" तिनं विचारलं.

शेवंताबाईला वाटलं, झालं, आता समजलं यांना. तेवढ्यात मागून एक आवाज आला, "इसको भी टोना लग गया!" आणि गर्दी आणखी एक पाऊल मागे सरली. शंकरसुद्धा. सत्यभामेनं त्याच्याकडे पाहिलं, तर त्यानं मान फिरवली. अंगणात दोन बाया उरल्या, आणि तापलेली पोर.

शेवंताबाईनं पोरीच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हे कोणं केलेलं नाही वं, ताप हाय. आण इकडे. मोठ्या दवाखान्यात नेऊ."

"उशीर झाला असन तं?"

शेवंताबाईनं पोर खांद्यावर घेतली आणि ती सडकेकडे निघाली. सत्यभामेनं ट्यूब मातीत ठेवली आणि मागोमाग धावली.

मागे काचा फुटू लागल्या. एक, मग आणखी एक. भैय्यालालनं सायकलवर आणलेली एकेक. शेवंताबाईनं वळून पाहिलं नाही. मानेवर पोरीचा गरम श्वास लागत होता, तुटत होता, पुन्हा लागत होता, आणि तेवढ्याच्या भरवशावर ती अंधारात पाय उचलत होती.