बाबांच्या नावाचा घास

बाबा गेले आणि मी देवाशी अबोला धरला. लहानपणापासून दर गुरुवारी बाबांच्या शेजारी उभी राहून दत्ताची आरती म्हटलेली मी. इथे नेदरलँड्सला, नीउ-व्हेनेपच्या घरात आल्यावरही तो नेम मोडला नव्हता. माझं मागणं एकच असायचं, बाबांच्या शेवटच्या वेळी मला जवळ असू दे. तेवढंही देवाच्याने झालं नाही.

सांगलीहून भावाचा फोन आला तेव्हा इथे जेमतेम उजाडत होतं. मी म्हटलं, "दादा, मिळेल त्या विमानाने निघते. उद्या दुपारपर्यंत थांबा. मला एकदा त्यांना बघू दे." तो "बघतो" म्हणाला. मी स्किपोल विमानतळावर बॅग देण्याच्या रांगेत उभी असताना पुन्हा फोन आला. "आटोपलं सगळं. माणसं खोळंबली होती. आता धावत येऊन काय करणार? तू लग्न झालेली, तुला तीनच दिवसांचं सुतक. तिथेच पाळ." रांग पुढे सरकली. मी बाहेर पडले आणि बॅग ओढत घरी आले. रडू आलं नाही. नुसती जळजळ, घशापासून पोटापर्यंत.

काही आठवड्यांनी, ऑक्टोबरात, लेकीच्या, इराच्या शाळेला सुट्टी लागली. भूमध्य समुद्रातल्या, ग्रीसच्या ऱ्होड्स बेटाची सहल उन्हाळ्यातच ठरलेली होती. नवरा म्हणाला, "चल, तेवढाच हवापालट." मला त्या शब्दाचाच संताप आला, पण इरासाठी गेले. जुनं गाव देखणं आहे. उंच तटबंदी, गोट्यांनी बांधलेल्या गल्ल्या, मध्ययुगीन सरदारांची दगडी घरं. नवरा मोबाइलवर वाचून इतिहास सांगत होता. मला सगळं दिसत होतं आणि काहीच वाटत नव्हतं. फोटोसाठी हसायला सांगितलं तेव्हा मी मान फिरवली.

"किती दिवस अशी राहणार आहेस?" त्याने अखेर विचारलं.

"माझे तीन दिवस केव्हाच संपले ना," मी म्हटलं.

तो पाणी आणतो म्हणून निघून गेला.

मी एका लहानशा चर्चच्या पायरीवर बसले. इरा नेहमीसारखी डचमध्ये कुरकुरत होती, भूक लागली म्हणून. आतून काळ्या कपड्यांतली माणसं बाहेर पडत होती. त्यांतली एक म्हातारी इराचे शब्द ऐकून थबकली आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाली, "भूक लागली? थांब हं." आत जाऊन तिने कागदाचे दोन पेले भरून आणले. शिजवलेले गहू, साखर, बेदाणे, डाळिंबाचे दाणे. "आज माझ्या नवऱ्याच्या नावाची प्रार्थना होती," ती म्हणाली. "त्याच्या नावाने खा." तरुणपणी ती दोघं नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तला कारखान्यात कामाला होती, तिथली ही भाषा.

इरा खाऊ लागली. मी पेला नुसता धरून बसले. म्हातारीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुझं कोण गेलं?"

"वडील. माझ्यासाठी कुणी थांबलं नाही."

ती कष्टाने गुडघे वाकवून माझ्याशेजारी बसली. "माझेही असेच गेले. मी उत्रेख्तला. तार आली तोवर माती टाकून झाली होती." तिने माझी समजूत काढली नाही. तिच्या आवाजातही ती जळजळ होती, इतक्या वर्षांनंतर. मग विचारलं, "नाव काय त्यांचं?"

"वसंत."

तिला ते नीट म्हणता येईना. दोनदा म्हणून पाहिलं, मग माझं मनगट धरून मला आत नेलं. बारीकशी मेणबत्ती लावून माझ्या हाताने तिथल्या वाळू भरलेल्या तबकात रोववली आणि आपल्या भाषेतल्या प्रार्थनेत नवऱ्याच्या नावापाठोपाठ बाबांचं नाव घेतलं, वाकडंतिकडं, पण मोठ्याने. "आता खा," ती म्हणाली.

पहिल्या घासालाच मला रडू कोसळलं. नवरा पाण्याची बाटली घेऊन दारात उभा होता. तो आत आला नाही, त्याने मला हाकही मारली नाही.

ती कोण होती, कुणी पाठवली, याची चर्चा मी करत नाही. भाऊ आहे तसाच आहे. वर्षश्राद्धाचंही त्याने कळवलं नाही. माझा कडवटपणा गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. गेला तो हट्ट. बाबांचा निरोप मला माझ्या घरात, माझ्या माणसांकडून हवा होता. मिळाला तो परक्या गावात, परक्या धर्माच्या बाईकडून, जिचं नावही विचारायचं राहून गेलं. दत्तमहाराज, मी मागितलं होतं तसं तुम्ही दिलं नाहीत. जे दिलंत, ते मी घेतलं.